कोकणातलं घर, ऑफ-ग्रिड सोलर आणि लिथियम बॅटरी: दमट हवेचं काय करायचं?

चिरेबंदी
गुहागर तालुक्यात समुद्रापासून साधारण ४०० मीटरवर चिऱ्याचं कौलारू घर. महावितरणचं कनेक्शन न घेता पूर्ण ऑफ-ग्रिड करायचं ठरलंय. ५४० वॅटची ४ पॅनेलं सिरीजमध्ये, ५ किलोवॅटचा ४८ व्होल्टचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि भिंतीवर टांगायची ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिच्यावर आयपी २० (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय.

प्रश्न असे: बॅटरी पडवीत लावावी की माजघरात? बसवणारे म्हणतात की बॅटरीच्या कपाटाला एक्झॉस्ट पंखा पाहिजेच, ते बरोबर आहे का? जास्त पैसे घालून आयपी ६५ ची घ्यावी का? आणि जून ते सप्टेंबर घर बंद असतं, तेव्हा काय करायचं?

ओममीटर
आधी सेल आणि त्याच्या बाहेरचा पसारा वेगळा करू. लिथियम आयर्न फॉस्फेटचा (पुढे नुसतं लिथियम फॉस्फेट म्हणतो) सेल हवेतल्या ओलाव्याने बिघडत नाही. त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा लेझर वेल्डिंगने बंद केलेला असतो. कारखान्यात सेल मुद्दाम कोरड्या खोलीत भरतात, कारण इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेटला पाणी लागलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं. पण एकदा डबा बंद झाला की बाहेर ९५ टक्के आर्द्रता असली तरी आत काही जात नाही.

मार बसतो तो बाहेरच्या वस्तूंना. टर्मिनल आणि बसबारचा (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) जोड, प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरींच्या पिना, बीएमएसचं (सेलवर नजर ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणाऱ्या सर्किटचं) बोर्ड, डीसी एमसीबीचे कॉन्टॅक्ट, इन्व्हर्टरची बोर्डं. बिघाड इथे होतो आणि बदनाम बॅटरी होते.

पंख्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे: लावू नका. ती सवय ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरीपासून आली. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन साठला की तो पेट घेऊ शकतो, म्हणून तिथे हवा खेळती लागायचीच. लिथियम फॉस्फेट रोजच्या वापरात गॅस सोडत नाही. उष्णतेचं म्हणाल तर घराचा १ किलोवॅटचा भार म्हणजे बॅटरीतून २० अँपिअर. पूर्ण बॅटरीचा रोध २० मिलिओहम धरला तरी आत फक्त ८ वॅट उष्णता तयार होते. त्यासाठी पंखा नको.

उलट हिशेब बघा. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या १ घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. १२० मिलिमीटरचा पंखा तासाला १०० घनमीटर हवा ओढत असेल तर तासाला अडीच लिटर पाणी वाफेच्या रूपात बॅटरीसमोरून जातं. त्याच्यासोबत खार जातो तो वेगळाच.

चिरेबंदी
हे पटलं. पण मग कपाटात घाम सुटणार नाही का?

ओममीटर
घाम केव्हा सुटतो ते पाहू. ३० अंश, ८५ टक्के हवेचा दवबिंदू साधारण २७ अंश. म्हणजे त्या हवेत २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. बॅटरीचं वजन ४५ किलोच्या आसपास, ती सावकाश तापते आणि सावकाश निवते. खोलीतली हवा दोन तासांत बदलली तरी बॅटरी मागेच राहते.

आता कोकणात एक उलटी गोष्ट आहे. लोक जुलैला घाबरतात, पण भर पावसात दिवस-रात्रीच्या तापमानात ३-४ अंशांचाच फरक असतो, त्यामुळे बॅटरी दवबिंदूच्या खाली सहसा जात नाही. खरा घाम पाऊस सरल्यावर आणि थंडीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बॅटरी १७-१८ अंशांवर असते. सकाळी उशिरा समुद्रावरून २० अंश दवबिंदूची हवा आत शिरते आणि धातूवर पाणी दिसायला लागतं. खोलीला एसी असेल तर तेच बारा महिने घडतं. रात्रभर एसी, सकाळी दार उघडलं, की बॅटरी ओली.

म्हणून सूत्र एकच धरायचं, बॅटरी आजूबाजूच्या हवेपेक्षा नेहमी २-३ अंश गरम राहिली पाहिजे, थंड कधीच नाही. २७ अंश आणि ९५ टक्के हवा नुसती ३० अंशांपर्यंत तापवली तर ती ८० टक्क्यांवर येते, ३२ अंशांना ७१ टक्क्यांवर. त्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण धातूवर बसायचं थांबतं.

खारवारा
ओममीटर दादांचं गणित बरोबर आहे, पण ते आंबोलीला किंवा महाबळेश्वरला पुरेल, गुहागरला नाही. किनाऱ्यावर मीठ धरलं पाहिजे. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या खारात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांपासूनच ओल धरतं. बोर्डावर खाराचा थर बसला की दवबिंदू गाठायची गरजच उरत नाही. ७१ टक्क्यांनाही तो थर ओला राहतो आणि त्यातून करंट झिरपतो.

त्यामुळे समुद्राजवळ हवा कोरडी करण्याआधी खार आत येऊच न देणं महत्त्वाचं. माझा आग्रह माजघराचा. पडवीत झड येते, माळ्यावर एप्रिल-मे महिन्यांत कौलाखाली ४५ अंशांच्या वर जातं आणि तेवढ्या तापमानात चार्जिंग केलं तर सेल लवकर म्हातारा होतो. झोपायच्या खोलीत लावू नका, आग लागलीच तर तिथून बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

भिंत निवडताना नैऋत्येची सोडा. जिला पावसाळ्यात बाहेरून झापं बांधावी लागतात, तिच्या आतल्या बाजूला बॅटरी लावायची नाही. बिनगिलाव्याचा चिरा पाणी पितो आणि महिनाभर सोडत राहतो. आतली आडभिंत घ्या, तिथेही अँगल लावून मागे ५० मिलिमीटर पोकळी ठेवा. बॅटरीचा तळ जमिनीपासून किमान ६० सेंटिमीटर वर.

डीसी_वायरमन
जोडांबद्दल लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

खराब जोडाचा रोध १ मिलिओहम झाला तर ऐकायला किरकोळ वाटतं. पण १०० अँपिअरला तिथे १० वॅट उष्णता होते, नखाएवढ्या जागेत. उष्णतेने जोड सैल होतो, सैल जोडात ओल शिरते, ऑक्साइड वाढतं, रोध आणखी वाढतो. प्लास्टिक वितळेपर्यंत हे चक्र थांबत नाही.

सेलचे टर्मिनल अ‍ॅल्युमिनियमचे असतात. त्यावर उघडं तांबं बसवलं आणि मध्ये खारट ओल आली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसते. म्हणून बसबार निकेल किंवा कथिलाचा मुलामा दिलेलाच हवा. तयार बॅटरी उघडू नका, वॉरंटी जाते. पण सुटे सेल आणून पॅक बांधणाऱ्यांनी हा क्रम पाळावा:

१. टर्मिनल आणि बसबार हिरव्या घासणीने हलके घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नको, त्याचे कण अडकतात.
२. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच धरतं, म्हणून दहा मिनिटांच्या आत अ‍ॅल्युमिनियम जोडांची पेस्ट अगदी पातळ लावून बसबार बसवा.
३. टॉर्क पाना वापरा. एम६ स्टडला साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर, पण सेलच्या पत्रकात जे असेल तेच अंतिम. अंदाजाने आवळला तर स्टड उपटतो.
४. आवळून झाल्यावरच बाहेरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. आधी लावली तर ती जोडाच्या मध्ये राहते.
५. दोन सेलच्या मध्ये ०.५ ते १ मिलिमीटर जाडीची इपॉक्सी ग्लासची शीट. सेलवरचं निळं प्लास्टिक घासून फाटलं की आतला डबा उघडा पडतो आणि डब्याला व्होल्टेज असतं. ओलाव्यात शेजारचे दोन डबे एकमेकांत करंट झिरपवतात.

तपासायची पद्धत: ५० अँपिअरचा भार लावा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून जोडाच्या दोन बाजूंना टोकं टेकवा. ५ मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ मिलिओहम, ठीक. बाकीचे जोड ३-४ दाखवतायत आणि एखादा १५, तर तो सोडून परत करा. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरात.

चिरेबंदी, तुमच्या बाबतीत आणखी एक. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला ११० अँपिअरच्या वर ओढतो. बॅटरीचा बीएमएस १०० अँपिअरचा असेल तर पंप आणि मिक्सर एकदम लावू नका. केबल ३५ चौरस मिलिमीटर, कथिल दिलेल्या तांब्याची, लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) षट्कोनी डायने क्रिंप केलेला, म्हणजे दाबून बसवलेला, आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक. हातोडीने ठोकलेल्या लगात पोकळी राहते, आणि खार केबलच्या तारांमधून हातभर आत चढतो. सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर ती केबल तेवढी कापूनच टाकावी लागते.

मोजपट्टी
बारीक वायरींबद्दल भर घालते. बॅलन्स कनेक्टरच्या पिनेवर गंज आला की बीएमएस खोटं वाचतो. समजा १ अँपिअरचा अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर (जास्त भरलेल्या सेलमधली वीज कमी भरलेल्यात सरकवणारं सर्किट) आहे आणि पिनेचा रोध ०.१ ओहम झालाय, तर बॅलन्सिंग चालू असताना त्या सेलच्या आकड्यात १०० मिलिव्होल्टची चूक येते. लिथियम फॉस्फेटच्या सपाट वक्रावर (चार्ज बदलला तरी व्होल्टेज जेमतेम हलतं) १०० मिलिव्होल्ट म्हणजे केवढं तरी. बॅलन्सर चांगल्या सेलमधून काढून चुकीच्या सेलमध्ये भरत बसतो. अ‍ॅपमध्ये एकच सेल सतत वर किंवा खाली उडताना दिसला तर सेल बदलायची घाई करू नये. आधी मल्टिमीटरने थेट टर्मिनलवर मोजावं. तिथे बरोबर असेल तर दोष पिनेचा.

बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल अडवणारा पातळ लेप, करता येतं, अ‍ॅक्रिलिकचा स्प्रे मिळतो. बोर्ड अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवायचं, कनेक्टर, स्विच आणि तापमानाचा सेन्सर टेप लावून झाकायचे, मग दोन पातळ थर. खार असलेल्या बोर्डावर तसंच मारलं तर खार आत कोंडतो आणि ते न मारण्यापेक्षा वाईट. नवीन खरेदी करताना विक्रेत्याला लेखी विचारा, बोर्डाला कोटिंग आहे का.

माडाखाली
सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्या तर? आणि बाजारात ओल शोषणारे डबे मिळतात कपाटात ठेवायला, ते?

मोजपट्टी
ते डबे बॅटरीजवळ अजिबात नकोत. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते पाणी शोषून स्वतःच खारट पाणी होतं. डबा कलंडला की ते पाणी टर्मिनलवर.

सिलिका जेल चालतं, पण कपाट बंद असेल तरच. ६० × ६० × २५ सेंटिमीटरच्या, म्हणजे ९० लिटरच्या कपाटातल्या हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी असतं. अर्धा किलो जेल त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढं, १२५ ग्रॅम शोषतं. दाराला रबरी गॅस्केट असेल तर महिना-दोन महिने निघतात. गॅस्केट नसेल तर चार दिवसांत संपतं. नारिंगी रंगाचं घ्या, ते भरलं की हिरवट होतं. १२० अंशांना ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवलं की परत कोरडं. निळं नको, त्यात कोबाल्ट असतं.

आर्द्रतामापक दोन ठेवा, एक कपाटात, एक बाहेर. स्वस्तातला मापक ५ टक्के इकडेतिकडे असतो, म्हणून आधी पडताळा. बाटलीच्या झाकणात मीठ आणि थेंबभर पाणी घालून दाट लगदा करा, मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर कायम ५ मिळवून वाचायचं.

चिरेबंदी
मग थेट आयपी ६५ ची बॅटरी घेतली तर हे सगळं सुटेल?

ओममीटर
नाही. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी पाणी जाणार नाही. वाफेबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. बंद डबा श्वास घेतो. दुपारी आतली हवा तापून फुगते, बाहेर पडते. रात्री निवते आणि गॅस्केटच्या फटीतून दमट हवा ओढून घेते. ते पाणी आत साचत जातं आणि बाहेर जायला वाट नसते. म्हणून चांगल्या बंद डब्याला पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) पडद्याचा व्हेंट असतो, त्यातून हवेचा दाब सुटतो, पाणी शिरत नाही. आयपी ६५ घेतलीत तर हा व्हेंट आहे का पाहा. माजघरातल्या आडभिंतीवर आयपी २० बॅटरी गॅस्केटच्या कपाटात ठेवलेली मला जास्त पटते. पडवीतच लावायची असेल तर मात्र आयपी ६५ ला पर्याय नाही.

खारवारा
कपाटात हायग्रोस्टॅटवर (आर्द्रता वाढली की चालू होणाऱ्या स्विचवर) १० वॅटचा पॅनेल हीटर लावता येतो. रात्रीचे १२ तास चालला तर १२० वॅट-तास, तुमच्या ५ युनिटच्या बॅटरीतून अडीच टक्के. हायग्रोस्टॅट ६५ टक्क्यांवर लावा. ४० वॅटचा चोवीस तास लावू नका. तो रोज जवळपास १ युनिट खातो, आणि जुलैच्या अंधाऱ्या आठवड्यात १ किलोवॅट पॅनेलमागे कधी कधी दिवसाला १ युनिटही मिळत नाही.

इन्व्हर्टर त्याच कपाटात कोंबू नका. तो रिकामा चालतानाही ५० वॅटपर्यंत खातो आणि ती सगळी उष्णता होते. त्याच खोलीत, बॅटरीच्या बाजूला अर्धा मीटर सोडून लावा. त्या उष्णतेने खोली आपोआप थोडी कोरडी राहते. वरती लावला तर त्याच्या पंख्याची धूळ-खार बॅटरीवर पडते.

डीसी_वायरमन
पॅनेलकडची बाजू विसरू नका. पावसाळी सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनचा दोष दाखवून थांबतो आणि ११ वाजता आपोआप सुरू होतो, हे एमसी४ कनेक्टरमध्ये (पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी गेल्याचं लक्षण. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण पाणीबंद राहत नाहीत. कनेक्टर पॅनेलच्या खाली बांधा, पत्र्यावर किंवा कौलावर लोळू देऊ नका. तुमची ४ पॅनेलं सिरीजमध्ये सुमारे २०० व्होल्ट देतात, तेव्हा ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासा, १ मेगाओहमच्या वर हवं. मेगर लावताना वायरी इन्व्हर्टरमधून काढा, आणि बॅटरीला मेगर कधीच नाही.

चिरेबंदी
आता सगळ्यात अवघड. चार महिने घर बंद. चालू ठेवून जायचं की बंद करून?

माडाखाली
चालू ठेवलेलं बरं. इन्व्हर्टर गरम राहिला तर बोर्डांना ओल धरत नाही.

ओममीटर
मुद्दा खरा आहे, पण इन्व्हर्टरचे ५० वॅट म्हणजे दिवसाला १.२ युनिट. सलग ४-५ दिवस ढग राहिले की बॅटरी तळाला. मग बीएमएस तोडतो, ऊन आल्यावर जोडतो, परत तोडतो, आणि घरात बघायला कोणी नाही. शिवाय जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात वीज कडाडते. मी बंद करून जाण्याच्या बाजूचा आहे.

बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणा. १०० टक्क्यांवर ठेवली तर गरम हवेत क्षमता घटते. आधी एसी भार बंद, मग पॅनेलचा डीसी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच), मग बॅटरीचा एमसीबी, आणि शेवटी बॅटरीचं स्वतःचं बटण. हे शेवटचं लोक विसरतात. बटण चालू राहिलं तर बीएमएस २० मिलिअँपिअर खात राहतो, महिन्याला साडेचौदा अँपिअर-तास, चार महिन्यांत ५८. म्हणजे ६० टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी तुम्ही येईपर्यंत रिकामी. बटण बंद असेल तर सेलचा आपला क्षय महिन्याला २-३ टक्के, चिंता नाही. जाताना कपाटात ताजं जेल. प्लास्टिकच्या कागदात मात्र गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते.

परत आल्यावर लगेच चालू करायचं नाही. दिवसभर दारं-खिडक्या उघडा, कोरडं ऊन असलेला दिवस बघा. इन्व्हर्टर आणि एमसीबीच्या डब्यात मुंग्या, पाल, कोळ्याचं घर आहे का पाहा. एमसीबी भार नसताना पाच-सहा वेळा वर-खाली करा, कॉन्टॅक्ट घासून निघतात. मग बॅटरीचं व्होल्टेज मोजा. ५१ ते ५३ च्या मध्ये असेल तर बॅटरी, मग इन्व्हर्टर, मग पॅनेल. ४८ च्या खाली असेल तर एकेक सेल तपासल्याशिवाय चार्जिंग नको.

खाडीकाठ
पुराचं कोणी लिहिलं नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणात पाणी घरांच्या पहिल्या मजल्यांपर्यंत गेलं होतं. खाडीकाठच्या आणि सखल घरांनी ६० सेंटिमीटरवर समाधान मानू नये, गावातल्या पुराच्या खुणेच्या वर जागा शोधावी.

पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून परत वापरायची नाही. खाऱ्या पाण्यात टर्मिनलमध्ये करंट वाहतो, हायड्रोजन आणि क्लोरीन सुटतात, आणि आतला शॉर्ट काही दिवसांनी पेट घेऊ शकतो. पाणी ओसरल्यावर ओल्या हातांनी जवळ जाऊ नये, पॅनेलचा आयसोलेटर आधी बंद करावा, कारण ऊन असेल तर पॅनेल वीज देतच असतात. बॅटरी हलवणं सुरक्षित असेल तर घरापासून, गोठ्यापासून, गवताच्या उडवीपासून लांब मोकळ्यावर ठेवावी. भंगारात देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, विक्रेत्यामार्फत परत पाठवा.

चिरेबंदी
माजघराची आडभिंत पक्की केली, पंखा रद्द. शेवटचा प्रश्न, छपरावरून वायरी आत कशा आणायच्या? बसवणारे कौलातून सरळ खाली पाइप उतरवतायत.

डीसी_वायरमन
सरळ पाइप नको. तो पाणी तर आणतोच, शिवाय धुराड्यासारखं काम करून दमट हवा थेट डब्यात सोडतो. वळचणीखालून भिंतीतून आणा. भोक आतून बाहेर उतरतं पाडा, १० मिलिमीटर उतार पुरे. बाहेर वायरला खाली वळसा द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. डब्यात वायर नेहमी तळाच्या बाजूने, योग्य मापाच्या केबल ग्लँडमधून, एका ग्लँडमध्ये एकच वायर. न वापरलेल्या भोकांना बूच.

पाइपचं तोंड वायरी ओढून झाल्यावर सिलिकॉनने बंद करा. फक्त सिलिकॉन घेताना नळीवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि बंद डब्यातलं तांबं हिरवं करतं.